सुया सोडून

एम्बुन मकचिक, म्हणजे एम्बुन मावशी, आमच्या दातांच्या दवाखान्यात एकच प्रश्न घेऊन आली होती. खालचा ओठ झोपलाय, तो का झोपलाय? तिला दात बसवायचा नव्हता, कवळी नको होती, कुणाचा सल्ला तर अजिबात नको होता. त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला नऊ आठवडे लागले, आणि त्या नऊ आठवड्यांत तिच्या जबड्याचा फोटो अख्ख्या तेलुक पांडान गावानं पाहून घेतला. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

मी या सरकारी दवाखान्यात एकवीस वर्षं एक्स-रे काढते. गावात मला सगळे काक रोकिया म्हणतात, म्हणजे रोकियाताई. लहान पोरंही म्हणतात आणि ज्यांना मी थोरली बहीण म्हणायला हवं अशा बायकाही म्हणतात. एम्बुन मकचिक मात्र मला नुसतं रोकिया म्हणते, कारण माझ्या लग्नात मला तिनं सजवलं होतं. नवरी सजवणारी आमच्या गावात ती एकच. सत्तरी उलटली तरी तिच्या तारखा आधी विचारायच्या आणि मग हॉल ठरवायचा, अशी पद्धत होती. काम करताना तिच्या ओठांत पाच-सहा टाचण्या धरलेल्या असायच्या. त्या तशाच धरून ती बोलायची, हसायची, नवरीच्या आईला दटावायचीसुद्धा.

त्या मंगळवारी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "रोकिया, माझ्या टाचण्या पडायला लागल्यात."

"कुठून?"

"तोंडातून, अजून कुठून? परवा एक नवरीच्या मांडीत घुसली. ती किंचाळली तेव्हा मला कळलं. डावीकडच्या ओठाला काही समजतच नाही. चहा ओघळतो नि मला पत्ता नसतो."

"कधीपासून?"

"रोजे सुरू व्हायच्या आधीपासून. मला वाटलं, उपासानं असेल. ईद झाली, खाऊन-पिऊन तट्ट झाले, तरी ओठ आपला झोपलेलाच."

डॉक्टर आझरील नवीन होता, क्वालालंपूरहून आलेला, सत्ताविशीचा, बूट पांढरे स्वच्छ. तोंडात बघितल्यासारखं करून त्यानं चिठ्ठी लिहिली: पूर्ण जबड्याचा फोटो. मी तिला आत घेतलं. कानातलं काढलं, गळ्यातलं काढलं, डोक्यावरच्या रुमालाच्या, तुडुंगच्या, टाचण्या मी माझ्या हातानं काढल्या. सात निघाल्या. मोजून स्टीलच्या ताटलीत ठेवल्या. हे मी मुद्दाम सांगतेय.

"हनुवटी इथं टेका. समोरच्या दातांत हे धरा. यंत्र डोक्याभोवती फिरेल. हलू नका."

"मला शिकवतेस?" ती म्हणाली. "तुझ्या भुवया कोरताना मी तुला दहा वेळा सांगितलं होतं, हलू नकोस, नाहीतर नवरा जन्मभर वाकडा बघेल. तरी हललीस."

"म्हणूनच बघतोय तो वाकडा," मी म्हटलं. ती हसली आणि समोरच्या दातांत ठोकळा धरला. त्यातल्या एका दाताला सोन्याची टोपी आहे. गावात ती सगळ्यांना ठाऊक.

यंत्र फिरलं. पडद्यावर जबडा आला आणि जबड्याभर बारीक पांढऱ्या रेघा आल्या. गालांवर, हनुवटीवर, काही उभ्या, काही तिरक्या. आझरील माझ्या मागून डोकावला.

"काक, टाचण्या राहिल्यात की. परत काढा."

"सात होत्या, सात काढल्या."

"मग हे काय, माझ्या आजीचं भरतकाम? परत काढा."

मी परत काढला. रेघा तिथल्या तिथेच होत्या. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो हसला. तोंडावर हात ठेवून हसला, पण खांदे हलत होते.

सुसुक. तांदळाच्या दाण्याहून बारीक सोन्याच्या सुया, मंत्र म्हणत कातडीखाली घालतात. चेहऱ्याला तेज यावं, शब्दाला वजन यावं म्हणून. बाहेरून दिसत नाहीत, आणि घातल्यात असं कुणी मरेपर्यंत कबूल करत नाही, कारण धर्मात ते बसत नाही. दिसतात फक्त आमच्या यंत्राला. म्हणून आमच्या कामात एक रिवाज आहे, कुठे लिहिलेला नाही. मला शिकवणाऱ्या बाईनं पहिल्याच महिन्यात सांगितला होता: सुया दिसल्या की डोळे खाली. बघायचं नाही, विचारायचं नाही, फोटो डॉक्टरकडे पाठवायचा आणि पडदा बंद करायचा. एकवीस वर्षांत मी असे तेरा-चौदा पडदे बंद केले. मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशीही मी डोळे खाली केले आणि पडदा बंद केला.

आझरीलनं तिला खुर्चीत बसवून सांगितलं, वय झालंय, शीर दबली असेल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो. आणि मग, जाता जाता, गालातल्या गालात म्हणाला, "मकचिक, तुम्ही सोनकेळी खाता का हो?"

सुसुक घातलेल्यानं सोनकेळी खायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एम्बुन मकचिक उठली. माझ्याकडे आली, ताटलीतल्या टाचण्या एकेक उचलून तुडुंगला लावू लागली.

"सातच ना?" तिनं विचारलं.

"सातच," मी म्हटलं. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं, आणि मी काय सांगितलं ते तिला.

शुक्रवारी माझ्या नणंदेनं मला मोबाईलवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: हे तुमच्याच मशीनवरचं ना?

आमच्याच मशीनवरचं होतं. आझरीलनं पडद्याचा फोटो काढून कॉलेजच्या मित्रांना पाठवला होता. सोबत मजकूर: सुया किती ते ओळखा, जिंकणाऱ्याला साते-पार्टी माझ्याकडून. मित्रांपैकी एकानं बायकोला पाठवला. बायको निघाली आमच्या शेजारच्या गावची. मग काय विचारता. पेशंटचं नाव त्यानं कापलं होतं, पण कोपऱ्यात दवाखान्याचं नाव होतं, तारीख होती, आणि मधोमध ती सोन्याची टोपी पांढरीशुभ्र चमकत होती. त्या मंगळवारी रांगेत बसलेल्या बायका काय आंधळ्या होत्या?

कुणी अकरा मोजल्या, कुणी चौदा. माझ्या नणंदेनं चष्मा लावून तेरा मोजल्या आणि बारावर अडलेल्या आपल्या जावेशी भांडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आझरीलच्या खोलीत शिरले.

"मी नाव कापलं होतं, काक," तो म्हणाला.

"तोंड कापलं होतंस?"

"मित्रांचा ग्रुप आहे. आम्ही शिकण्यासाठी टाकतो असले फोटो."

"मग काय शिकलास?"

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. मला वाटलं, लाजला. मला वाटलं, मी त्याला गप्प केलं. तो प्रश्न खरा होता आणि उत्तर मिळेपर्यंत मी तिथून हलायला नको होतं, हे मला तेव्हा कुठे कळत होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत एम्बुन मकचिकच्या चार नवऱ्या गेल्या. कुणी तोंडावर सांगितलं नाही. एकीची तारीख पुढे गेली म्हणे, एकीची मावशी शहरातून कुणालातरी आणणार होती. बाजारात मासळीवालीपाशी बायका कुजबुजत: तरीच तिच्या हातची नवरी अशी झळकायची. जिचा पंधरा वर्षांपूर्वी काडीमोड झाला ती म्हणाली, तरीच. जिला सहा पोरं झाली तीही म्हणाली, तरीच. गावाला एकदा हा शब्द सापडला की कुठेही चालतो. चाळीस वर्षं जिच्यापुढे मान वर करून, डोळे मिटून बसल्या, तिला या बाया चार दिवसांत चेटकीण करून मोकळ्या झाल्या. आणि वर म्हणायचं, बिचारी, आता सुया काढल्याशिवाय मरणसुद्धा सुखाचं नाही यायचं.

मी केळीच्या पानातला भात घेऊन तिच्या घरी गेले. दारात तिची लेक नोरिझान उभी राहिली, दाराएवढी रुंद.

"आई कुणाला भेटत नाही."

"मी कुणी परकी आहे का?"

"तुमच्याच मशीननं केलं ना सगळं, काक?"

आतून आवाज आला, "रोकिया आहे का? तिला सांग, ओठ अजून तसाच आहे."

नोरिझानचे डोळे भरले. आवाज खाली करून ती म्हणाली, "नदीपलीकडे एकजण सुया काढून देतात. दर गुरुवारी नेते. ते म्हणाले, ओठ झोपला तो सुयांमुळेच. जुन्या झाल्या की त्या उलटतात. सगळ्या निघाल्या की ओठ जागा होईल."

"किती निघाल्या?"

"अजून एकही नाही. सहा गुरुवार सांगितलेत."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही थोडंसं पटलं होतं. सुया दिसल्या होत्या, ओठ झोपला होता, दोन्ही एकाच तोंडात. माणसाला दोन गोष्टी जवळ जवळ दिसल्या की तिसरी शोधायचा कंटाळा येतो. भात नोरिझानच्या हातात दिला आणि घरी आले, आणि घरी येऊन आझरीलविरुद्ध तक्रार लिहिली. चार पानं. त्यात पेशंटची अब्रू, दवाखान्याची अब्रू, भिंतीवरची 'मोबाईल वापरू नये' ही पाटी, सगळं होतं. ओठ कुठेच नव्हता.

जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टर थेनमोळी दोन महिन्यांतून एकदा तपासणीला येतात. बाई बुटकी, आवाज बारीक, पण त्यांच्यासमोर आमचे साहेबसुद्धा खुर्ची आधी पुसतात आणि मग बसतात. त्या आल्या तशी मी चार पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली.

"फोटो दाखव."

मी पडदा उघडला. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. सवयीनं माझी नजर खाली गेली.

डॉक्टर थेनमोळींची बघण्याची एक रीत आहे. पेनचं टोपण पडद्याच्या एका कोपऱ्यावर ठेवतात आणि हाडाच्या कडेकडेनं हळूहळू दुसऱ्या टोकाला नेतात. पोळपाटावर लाटणं फिरावं तसं, एकही जागा न सोडता. पेन चालू झालं.

"डॉक्टर, हा फोटो अख्ख्या गावात फिरला," मी म्हटलं.

"हं."

"त्या बाईला तोंड दाखवायला जागा नाही राहिली. याच्यावर कारवाई झालीच पाहिजे."

"होईल. ही बाई आली होती कशासाठी?"

"ओठ झोपला म्हणून. खालचा, डावीकडचा."

पेन थांबलं. मागे गेलं. परत तिथेच येऊन थांबलं.

"आझरीलला बोलाव."

तो आला. त्या वळल्यासुद्धा नाहीत. "या फोटोत किती सुया?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "बारा, डॉक्टर."

"बरोबर. पाठ झालंय. आता सुया सोडून सांग. जबड्यातून ओठाची शीर जाते, तिची नळी दाखव."

त्यानं उजवीकडे बोट ठेवलं. दोन बारीक समांतर रेघा, हाडातून हनुवटीकडे गेलेल्या. मलाही दिसल्या.

"आता डावीकडची."

त्याचं बोट मागच्या दाढेच्या जागेपासून निघालं, थोडं पुढे आलं आणि तिथेच राहिलं. पुढे रेघाच नव्हत्या. तिथे हाड काळं होतं, कडा कुरतडलेल्या, वाळवी लागलेल्या फळीसारख्या. अंगठ्याएवढी जागा. तिच्यावर दोन सुया आडव्या पडल्या होत्या. त्या दोन सुया गावातल्या प्रत्येकानं मोजल्या होत्या.

बोट काढायचंही आझरीलला सुचेना.

"हे काय आहे हे तुला परीक्षेत विचारलं होतं," डॉक्टर थेनमोळी म्हणाल्या. आवाज वाढला नव्हता. "तू पास झालास. मीच केलं असेल कदाचित. पन्नासाव्या वर्षानंतर ओठ आपोआप बधिर झाला, तर सगळं सोडून आधी हाड बघायचं. गोळ्या दिल्यास?"

"जीवनसत्त्व ब."

"छान. आणि ग्रुपवर किती डेंटिस्ट होते?"

"एकतीस."

"एकतीस." त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला. मग माझ्याकडे वळल्या. "फोटो कुणी काढला?"

"मी."

"दोन आहेत."

"दोन्ही मीच काढले. पण डॉक्टर, फोटो वाचणं माझं काम नाही."

"नाही. बघणं?"

एकवीस वर्षांत हजारो जबडे माझ्या डोळ्यांखालून गेलेत. वाळवी लागलेलं हाड मला कळतं. तीनदा मी डॉक्टरांच्या आधी ओळखलंय, आणि चहाच्या वेळी ते मिरवलंही आहे. हेही कळलं असतं, नुसतं बघितलं असतं तर. पण मी तर सभ्य ना. लोकांना कुसळ दिसलं आणि मुसळ दिसलं नाही, म्हणून मी गावाला शिव्या घालत होते. मी तर दोन्हीकडे पाठ फिरवून उभी होते आणि त्याला अब्रू राखणं म्हणत होते. त्या मुलाचा मला राग होता, गावाचा होता, नणंदेचा होता. पण त्या खोलीत माझा मला जो राग आला त्यापुढे ते सगळे राग फिके होते.

"नऊ आठवड्यांपूर्वी एवढं होतं," डॉक्टर थेनमोळी पडद्याकडे बघत म्हणाल्या. "आज केवढं असेल मला माहीत नाही. सोमवारी इपोहला पाठवा. तिला सांगायला तुम्ही दोघं जाल. फोनवर नाही."

गाडी आझरीलनं चालवली.

या वेळी नोरिझाननं दार अडवलं नाही. एम्बुन मकचिक चटईवर बसली होती, तुडुंगचा पदर डाव्या गालावर ओढून. पदराखाली गाल सुजलेला दिसत होता. तिनं आमच्यापुढे चहा ठेवायला लावला आणि स्वतःही घेतला. चहा ओघळला. तिला कळलं नाही. नोरिझाननं पुसला.

"हा कोण?" तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "हां. सोनकेळीवाला."

आझरीलनं मान खाली घातली. मग सांगितलं. ते मात्र त्यानं सरळ सांगितलं, शब्द न चोरता. हाडात बहुतेक कॅन्सर आहे, तो किती वाढला असेल, जबडा कापावा लागेल, आणि हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

ती ऐकत राहिली. नोरिझान रडायला लागली तेव्हा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्याच फोटोत होतं?" तिनं विचारलं.

"त्याच."

"सगळ्यांनी बघितला तो?"

"हो, मकचिक."

"आणि एकालाही दिसलं नाही."

अंगणात कुणाचा तरी कोंबडा आरवत होता, भरदुपारी.

"त्या सुया मला माझ्या आईनं घातल्या," ती म्हणाली. "चौदाव्या वर्षी. दोघींनी हात धरले होते माझे. मला कुणी विचारलं नव्हतं. आता गावानं मोजल्या, तेव्हाही विचारलं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "रोकिया, तू दोनदा काढलास ना फोटो?"

"मी बघितलंच नाही, मकचिक. मला वाटलं, न बघणं बरं. तुमची लाज राखावी म्हणून."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुझ्या लग्नाच्या दिवशी मी दोन तास तुझा चेहरा बघत होते. कपाळावरची एकेक लव काढली. तुझ्या डाव्या भुवईत एक तीळ आहे, तो तुझ्या आईलाही माहीत नव्हता. मी काय तुझी लाज घेतली का?"

माझा हात आपसूक डाव्या भुवईकडे गेला.

"सोमवारी तू ये बरोबर," ती म्हणाली. "टाचण्या काढायला."

सोमवारी इपोहच्या मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा टाचण्या काढल्या, पुन्हा सात. तिथली एक्स-रेवाली पोरगी तिशीच्या आतली, बोलायला गोड, चांगल्या घरची. मकचिक यंत्रात उभी राहिली, हनुवटी टेकून, सोन्याच्या दातात ठोकळा धरून. पहिला फोटो झाला. दुसरा बाकी होता, म्हणून तिला तसंच उभं ठेवून पोरगी आमच्याकडे आली. दार अर्धं उघडं होतं. पडद्यावर जबडा आला. पोरीनं बघितलं, गडबडली, माझ्याकडे एक नजर टाकली, आणि अगदी अदबीनं डोळे खाली करून पडदा बंद केला. मीच जणू.

"उघड तो," मी म्हटलं.

"काक, म्हणजे, मला वाटलं की…"

"काही वाटून घेऊ नकोस. उघड, आणि बघ. सुया सोडून बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघ. डोळे कशाला दिलेत तुला?" माझा आवाज किती चढला होता ते मला बाहेरच्या बाकावरची माणसं उठून डोकावली तेव्हा कळलं.

आतून, ठोकळा दातांत तसाच धरून, अर्ध्या ओठानं एम्बुन मकचिक बोलली.

"ओरडू नकोस गं, रोकिया. मी हलेन."